नोंदीचा भार कोणाच्या खांद्यावर?

१८७५ च्या मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरेदुकाने घेरली आणि पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोहोचले. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. जमाव जिवावर उठला नव्हता, त्याला कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे जिथे सावकाराने मुकाट्याने काढून दिले, तिथे ते जाळून लोक आपापल्या घरी गेले. जिथे दिले नाहीत, तिथे मारहाण आणि जाळपोळ झाली. निरक्षर समाजाने लिखित कागदावर घातलेला हा घाला पुष्कळांना निव्वळ अडाणीपणाचा उद्रेक वाटला. खरे पाहता आपल्याला जखडून ठेवणारे साधन कोणते, हे त्या समाजाला आयोगापेक्षा आधी कळले होते.

त्या काळचा एखादा रोखा बारकाईने पाहावा. आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलेली रेघ आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत गेलेली मोडी अक्षरे. त्यात मुद्दल, व्याज, मुदत, गहाण पडलेल्या जमिनीच्या चतुःसीमा. शेवटी साक्षीदारांची नावे, लिहिणाऱ्याचे बकलम, आणि ज्याच्या संसाराचा तो सौदा असे त्या शेतकऱ्याच्या नावाशेजारी शाईने काढलेला एक चिमुकला नांगर. 'निशाणी नांगर'. त्याचे नावसुद्धा दुसऱ्यानेच लिहिलेले असे. संपूर्ण कागदावर त्याच्या मान्यतेची खूण म्हणून तेवढा नांगर. मजकूर लिहिणारा, तो वाचून दाखवणारा आणि त्यातून लाभ उठवणारा, हे तिघेही पुष्कळदा एकाच ओट्यावर बसलेले असत.

कागदापूर्वीचा काळ न्यायाचा होता, असे मानण्याचे कारण नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे, म्हणजे गावाच्या न्यायसभेपुढे, उभ्या राहणाऱ्या माणसाला गावाची साक्ष, जामीन आणि शपथ यांचा आधार असे हे खरे. पण त्या साक्षीत कोणाचा शब्द किती वजनाचा हे जातीच्या उतरंडीने आधीच ठरवून टाकलेले असे. इंग्रजी अमलाने उतरंड ठेवली आणि साक्षीचे वजन मात्र माणसाकडून काढून कागदाकडे दिले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे असे ठरवले. हेतू ऋणकोला संरक्षण देण्याचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि निरक्षर कुळ प्रत्येक वेळी त्याखाली नांगर काढून मोकळे होऊ लागले. याच सुमारास, १८५८ मध्ये, बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताला शाई लावून करारावर त्याचा ठसा उमटवून घेतला. पुढे करार नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. बोटांच्या ठशांचे शास्त्र या अविश्वासातून वाढले, १८९७ मध्ये कलकत्त्याला त्याचे स्वतंत्र कार्यालय झाले आणि तिथून ते जगभर गेले. प्रजेने आपली ओळख सिद्ध करावी, राज्याने ती तपासावी, ही दिशा तेव्हाच ठरली.

आज रेशन, पेन्शन, पीकविमा, शिष्यवृत्ती, प्रवेश, जमिनीचा उतारा, अगदी लसीची सुईसुद्धा मोबाइलच्या पडद्यावरून आपल्यापर्यंत येते, आणि हा पडदा ज्याला वाचता येत नाही, परवडत नाही किंवा ओळखत नाही, त्याच्या नागरिकत्वाचे काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याला आपण 'डिजिटल दरी' म्हणतो आणि तो जणू या शतकाने जन्माला घातला, अशा थाटात त्याची चर्चा करतो. वस्तुतः या दरीचा इतिहास दीडशे वर्षांचा तरी आहे. राज्यकारभाराचे साधन दर दोन-तीन पिढ्यांनी बदलते, बदलताना राज्याची सोय हमखास वाढते, आणि दर वेळी एकच प्रश्न अनुत्तरित राहतो : नवे साधन शिकण्याचा, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा आणि त्यातल्या चुका निस्तरण्याचा भार कोणी वाहायचा? तो दुबळ्या बाजूवर पडला, तेव्हा मध्ये दलाल उभा राहिला. राज्याने तो स्वतःकडे घेतला, तेव्हा नागरिकत्वाचा परीघ वाढला. दोन्हींची उदाहरणे आपल्या घरातच आहेत.

दंग्यांनंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांसाठी 'डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट' आला. त्याच्या यशापयशावर विद्वानांत मतभेद आहेत. इथे महत्त्वाची आहे ती त्यामागची समज. शेतकऱ्याचा दस्त गावनोंदणीकाराच्या देखरेखीखाली लिहिला जावा, मागितल्यास त्याला पावती व हिशेब मिळावा, आणि न्यायाधीशाने केवळ सही-निशाणीवर न विसंबता व्यवहाराच्या मुळापासूनचा इतिहास तपासावा, असे तो कायदा सांगत होता. परकीय आणि महसुलावर डोळा ठेवून असलेल्या सरकारलाही दंग्यांच्या धक्क्याने एवढे उमगले, की ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्या बाबतीत कागदाचा शब्द अखेरचा मानता येत नाही. त्याच वर्षी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि पुढच्या वर्षी टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर रत्नागिरीच्या आडगावातल्या आईच्या हातात पडे, तेव्हा पोस्टमन पैसे मोजून देई, तिचा अंगठा घेई आणि बरोबरचे चार शब्द वाचूनही दाखवी. टपालाच्या साधनाने निरक्षराला बाहेर ठेवले नाही, कारण त्या साधनाला पाय होते आणि ते पाय सरकारी पगारावर चालत होते.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातली एक बाब मात्र फारशी आठवली जात नाही. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी बाळबोधीबरोबर मोडीचे लेखन-वाचन आणि हिशेब यांचा स्पष्ट उल्लेख केला. छापील पुस्तके बाळबोधीत निघत होती. ती वाचून मूल साक्षर म्हणवले गेले असते, पण कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते, सावकाराची वही मोडीत होती, खत मोडीत होते. ज्या लिपीत सत्ता लिहिली जाते ती लिपी आली नाही, तर साक्षरता शोभेची ठरते, हे फुल्यांनी ओळखले होते. आजच्या 'डिजिटल साक्षरते'च्या अनेक कार्यक्रमांत ही जाण आढळत नाही. तिथे माणसाला व्हिडिओ पाहायला आणि पैसे पाठवायला शिकवले जाते. नाकारलेला अर्ज कोणत्या कारणाने नाकारला हे शोधायला आणि त्यावर अपील करायला शिकवले जात नाही.

फुल्यांनी मागितले त्यातले पुष्कळ काही राजर्षी शाहूंनी केले. करवीर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बरखास्त होऊन त्या जागी पगारी तलाठी आले. या दोन निर्णयांकडे एकत्र पाहिले पाहिजे. एकाने वाचणारा तयार करायचा होता, दुसऱ्याने नोंद ठेवणाऱ्याची मिरासदारी मोडायची होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतूनही तलाठी घडवण्याचा शाहूंचा आग्रह म्हणजे दप्तराच्या आतल्या बाजूला कोण बसतो, या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. नुसती शाळा काढून भागले असते, तर वतन बरखास्त करण्याचे आणि त्यावरून उठलेला रोष ओढवून घेण्याचे त्यांना कारण नव्हते.

या परंपरेचा सर्वांत धाडसी आविष्कार १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिसतो. डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ मध्येच सायमन आयोगाकडे केली होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही आपले हित कळते, या विश्वासावर ती उभी होती. स्वतंत्र भारतात साक्षरता अवघी १८ टक्के. मतदार १७ कोटींहून अधिक. मताधिकारासाठी साक्षरतेची अट घालावी, असे म्हणणारे प्रतिष्ठित लोक तेव्हा कमी नव्हते. प्रजासत्ताकाने ती अट घातली नाही आणि मतदानाचे साधनच निरक्षराच्या हाताला बसेल असे घडवले. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने करायचे एवढेच की आपल्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. लिहिणे नाही, खूण करणेही नाही. आजही गीरच्या जंगलात एका मतदारासाठी मतदान केंद्र उभे राहते. नागरिकापर्यंत पोहोचणे हे राज्याचे काम आहे, हे तत्त्व निवडणुकीपुरते का होईना, आपण कधी सोडले नाही.

त्या उज्ज्वल कहाणीला एक काळी किनारही आहे. मतदारयादी बनवताना लाखो स्त्रियांनी परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच त्यांची नोंद झाली आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे यादीतून वगळावी लागली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाविना नोंद न स्वीकारण्याचा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते आणि पुढच्या निवडणुकांत त्याचा उपयोगही झाला. पण त्या वेळी मत गेले ते त्या स्त्रियांचे. जवळपास पाऊण शतकाच्या अंतराने, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' योजनेतल्या स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा स्त्रीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. ज्यांना दोघेही नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, ज्यांच्या नवऱ्याचा फोन परगावी त्याच्या खिशात आहे, त्या बायका सेवा केंद्राच्या दारात 'ओटीपी आला का?' या प्रश्नापाशी अडकल्या. मुदत वाढवावी लागली, विधवा व घटस्फोटितांसाठी कागदपत्रांची वेगळी वाट काढावी लागली. १९५१ मध्ये बाईची नोंद पुरुषाच्या नावावाचून होत नव्हती म्हणून तिचे नाव गेले. २०२५ मध्ये पुरुषाच्या ओटीपीवाचून तिचे नाव टिकेना.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातला आणखी एक प्रयोग आपण जवळजवळ विसरलो आहोत. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. गावातली वीसेक माणसे संध्याकाळी एका रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसात चर्चा करत आणि आपले प्रश्न, शंका, तक्रारी केंद्राकडे लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. लिहिणारा संयोजक मंडळातच असे, त्यामुळे निरक्षराचाही प्रश्न पुण्याला पोहोचे. रेडिओ एकाच दिशेने बोलणारे यंत्र आहे, पण त्याच्याभोवती माणसे आणि रिवाज अशा रीतीने रचले गेले, की ते ऐकूही लागले. आज खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हातातला फोन दोन्ही दिशांनी बोलू शकतो. सरकारकडून त्यावर संदेश येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना उत्तर देण्याची सोयच नसते.

संगणकाने महाराष्ट्रात प्रवेश केला तोच मुळी भाषेचा प्रश्न घेऊन. १६१६ मध्ये गोव्यात राचोलच्या मठात फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण नागरी खिळे उपलब्ध नव्हते. आणि चारशे वर्षांनी, याच कारणाने, मोबाइल वापरणारी आपली पहिली पिढी आईला मराठी निरोप पाठवत होती तोही रोमन अक्षरांत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, भारतीय लिप्यांसाठी संकेतप्रणाली आली, तरी पुढची वीस वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फाँटांत कोंडलेला राहिला. एका कचेरीत टंकलेला आदेश दुसऱ्या कचेरीतल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उमटे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया, युनिकोडचा प्रसार आणि असंख्य निनावी स्वयंसेवकांचे श्रम यांनी ही कोंडी फोडली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण मराठीचा प्रश्न सुटला म्हणजे महाराष्ट्राचा सुटला असे नाही. मेळघाटातल्या कोरकू आजीला, गडचिरोलीच्या माडिया-गोंडांना, धडगावच्या भिल्ल-पावरांना मराठी पोर्टल हे परक्या भाषेचेच दप्तर आहे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' या उपक्रमाने साध्या फोनवरून गोंडीत बोलून तक्रार नोंदवता येते, हे २०१० पासून दाखवून दिले. ज्या भाषेच्या हक्कासाठी आपण एवढे झगडलो, त्या भाषेत चालणाऱ्या राज्याने आपल्याच रहिवाशांच्या लहान भाषांकडे पाठ फिरवावी, हे मराठी माणसाला खटकायला हवे.

कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. ७० गावांत संगणक केंद्रे, दूरशिक्षण, शेतीसल्ला, बाजारभाव, सगळे एका छताखाली येईल, अशी घोषणा होती. काही वर्षांनी संशोधक तिथे गेले, तेव्हा त्या यंत्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी, वजने आणि बिले एवढ्यापुरता होत असल्याचे त्यांना दिसले. आणि त्या कामासाठी संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसने अधिक स्वस्तात भागते, हेही काही गावांत करून पाहण्यात आले. वारणेचा हा प्रकल्प फसला असे मी म्हणणार नाही. लोकांनी आपल्या गरजेपुरते साधन उचलले आणि बाकीचे बाजूला ठेवले. योजनाकारांना हवा असलेला 'सर्वांगीण' नागरिक आणि उसाची तोड केव्हा येणार याची वाट पाहणारा सभासद यांत अंतर होते; ते अंतर मोजण्याचे काम यंत्र आणण्याआधी व्हायला हवे होते.

आधारची सुरुवातही महाराष्ट्रातूनच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही त्याला राज्याने स्वतःहून ओळख द्यावी, हा विचार १९५१ च्या मतपेटीच्या परंपरेतला होता. मग हळूहळू दिशा उलटली. राज्याने दिलेली ओळख नागरिकाने दर महिन्याला पुन्हा सिद्ध करून दाखवायची, असे झाले, आणि हर्शेलच्या तळहाताच्या ठशामागचा अविश्वास नव्या यंत्रात परतला. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनेच ओळख न पटण्याचे अंदाज दिले होते : झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७, गुजरातेत ६. बोटांच्या रेषा झिजतात त्या उन्हातान्हात राबणाऱ्यांच्या, वीटभट्टीवरच्या, भांडी घासणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा तीन-तीनदा दाबूनही 'लागत नाही' म्हणून परत फिरणारी म्हातारी लबाड नसते. तिचे श्रम तिच्या बोटांवरून दिसतात आणि यंत्राला नेमके तेच वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात आधार वैध ठरवताना पडताळणी फसली म्हणून कोणी हक्काला मुकू नये, ही अपेक्षाही नोंदवली. ती अपेक्षा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचायला अजून वेळ आहे.

महामारीने हे सारे उघडे पाडले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्क्यांकडे. त्यानंतरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आढळले. अशा देशात मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला 'कोविन' या सरकारी पोर्टलवर नोंदणी केल्यावाचून लस नव्हती. परिणाम असा झाला, की वेगवान जोडणी असलेल्या शहरी तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा काही क्षणांत पटकावल्या आणि ते गाड्या करून तिथे पोहोचले. केंद्राशेजारच्या पाड्यावरची माणसे आपल्याच दारातल्या गर्दीकडे पाहत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर आणि राज्यांनी ओरड केल्यावर जागेवरची नोंदणी सुरू झाली. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, आम्लहल्ल्यात डोळे गमावल्यामुळे ई-केवायसीत पापणी मिटवून दाखवू न शकणाऱ्या व्यक्तींच्या आणि दृष्टिहीनांच्या याचिकांवर निकाल देताना, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानली. हा निकाल दूरगामी आहे. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून पापणी मागणारी यंत्रणा कोणाच्याही दुष्टाव्यातून जन्मली नव्हती; तिची रचना करणाऱ्या माणसांच्या कल्पनेत तसा चेहरा आला नाही, एवढेच.

महसुलाच्या दप्तरात झालेला बदल अधिक खोल आहे आणि त्याविषयी कमी बोलले जाते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या, कोणाचे पाय न धरता. तलाठ्याच्या सजात हेलपाटे घातलेल्या कोणालाही ही मुक्ती किती मोठी आहे हे सांगायला नको, आणि तिचे श्रेय यंत्रणेला मनापासून दिले पाहिजे. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने गाव नमुना बारामधली पिकाची नोंद, जी पिढ्यानपिढ्या सरकारी माणसाने बांधावर जाऊन करायची होती, ती शेतकऱ्यावर सोपवली. त्याने ॲप उतरवायचे, खातेक्रमांक व गट निवडायचा, प्रत्यक्ष शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे. फोनने जागा चुकीची पकडली तर गटापासून दूर असल्याचा संदेश येतो, रेंज नसेल तर डोंगर चढायचा, सर्व्हर डाऊन असेल तर उद्या पुन्हा. नोंद राहिली तर पीकपेऱ्याचा रकाना कोरा, आणि कोऱ्या रकान्याला भरपाई नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनच्या मदतीला ही अट लागली, तेव्हा पीक घेऊनही यादीत नसलेले शेतकरी इतके निघाले, की अट शिथिल करावी लागली. स्वतःची नोंद स्वतः करण्याचा अधिकार ही चांगली गोष्ट आहे. मात्र अधिकाराच्या नावाने राज्याने आपले कर्तव्य उतरवून ठेवले, तर शाहूंनी जी जागा वतनदाराकडून काढून पगारी सेवकाला दिली, ती पुन्हा मोकळी होते. मोकळी जागा रिकामी राहत नाही. तालुक्याच्या चौकात, झेरॉक्सच्या दुकानात, शंभर रुपयांत 'पीकपेरा लावून' देणारा पोरगा तिथे येऊन बसतो. त्याच्याजवळ गावाचे आधार क्रमांक असतात, पासवर्ड असतात, काही वेळा ओटीपी येणारा फोनही असतो. तो भला असेल, गावाचा आधारही असेल. जुन्या ओट्यावरचा लेखनिकही काही वेळा भला असे.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्राला एकदम मोडी वाचकांची टंचाई जाणवली. आरक्षणाचा हक्क पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दावर अवलंबून, तो शब्द मोडीत, आणि मोडी शाळांतून हद्दपार होऊन कितीतरी दशके लोटलेली. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर नोंदींची छायाचित्रे चढली; लोक आपल्याच पूर्वजांची नावे पडद्यावर पाहत होते आणि ती वाचायला पैसे देऊन माणूस शोधत होते. दप्तराची लिपी बदलताना जुन्या लिपीची वाट बुजवली, की तिसऱ्या पिढीलाही तिचा दंड भरावा लागतो. आज कागदी फेरफार, हस्तलिखित जन्मनोंदी, जुने रेशनकार्ड यांचे संगणकीकरण होताना नावातली एक वेलांटी चुकते, आडनाव गळते, आणि ती चूक दुरुस्त करण्याचा अर्ज, शपथपत्र, गॅझेट, खेपा हे सारे ज्याची चूक नाही त्याच्याकडे येते. टंकलेखकाच्या चुकीचे ओझे अर्जदाराने का वाहावे, हा प्रश्न १८७९ च्या कायद्याला सुचला होता.

सेवा हमीचा कायदा महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. त्यात एक साधी तरतूद जोडता येईल. प्रत्येक ऑनलाइन सेवेसाठी तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या ग्रामपंचायतींत एक पगारी माणूस असावा, त्याने अर्ज तोंडी ऐकून भरावा, भरलेला मजकूर वाचून दाखवावा, नाकारल्यास कारण लेखी द्यावे आणि नोंदीतली सरकारी चूक सरकारी खर्चाने दुरुस्त करावी. ई-पीक पाहणीत शेवटची जबाबदारी शेतकऱ्यावर न ठेवता ग्राम महसूल अधिकाऱ्यावर, म्हणजे तलाठ्यावर, ठेवावी. शेतकऱ्याने केलेली नोंद ही सोय, न झालेली नोंद हा कसूर, आणि कसूर खात्याचा. आणखी एक गोष्ट आजच्या आज करता येण्यासारखी आहे, तिला नवा कायदा लागत नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर लागलेल्या अंगठ्याप्रमाणे न लागलेला अंगठाही सर्व्हरवर उमटतो. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, किती माणसांचे अंगठे फसले आणि त्यांतल्या कितीजणांना त्या महिन्यात धान्य मिळाले, हे आकडे शासनाकडे आहेत. ते दर महिन्याला तहसील कचेरीच्या फलकावर आणि ग्रामसभेपुढे, नावे वगळून, मांडले जावेत. सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातून करावी.